स्टिकरवाला टावर

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते पुढे सरकायला मोकळे. मोबाइलच्या पाठीवर किंवा बॅटरीखाली चिकटवायचं ‘सिग्नल बूस्टर’ स्टिकर सिग्नल वाढवत नाही. सोनेरी असो, चंदेरी असो, वर चिपसारखी नक्षी असो, पाकिटावर उपग्रहाचं चित्र असो. नाही वाढवत.

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. एखादी गोष्ट चालत नाही हे मला पक्कं माहीत आहे. समोरच्या माणसाला ती चालते असं वाटतंय आणि तो त्यात समाधानी आहे. त्याचे गेलेत वीस रुपये. तर मी त्याला सांगायचं का? ‘कुणाचं काय बिघडतंय’ म्हणून गप्प बसलो, तर मी समंजस ठरतो की आळशी? भंडाऱ्यात मी अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, विद्युतचुंबकीय लहरींचा धडा दर वर्षी घेतो. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. गावाकडे गेलो की कुणीतरी फोन पुढे करतंच, “हे लावलं तर टावर येते का गा?”

टावर. आमच्याकडे सिग्नलला टावर म्हणतात. ‘टावर नाही’, ‘टावर गेला’, ‘तलावाच्या पाळीवर टावर असते’. शहरात लोक रेंज म्हणतात, नेटवर्क म्हणतात. मला आमचा शब्द जास्त बरोबर वाटतो. का, ते पुढे येईल.

भंडारा जिल्हा तसा आडबाजूला नाही. मुंबई-कोलकाता महामार्ग जिल्ह्याच्या पोटातून जातो, हावड्याची रेल्वे जाते, नागपूर हाकेवर आहे. भंडारा, लाखनी, साकोली ही महामार्गावरची गावं. तिथे बसून तुम्ही आयपीएल बघू शकता. पण महामार्ग सोडून कोका-नागझिऱ्याच्या जंगलाकडे दहा-बारा किलोमीटर आत वळा, की फोनवरच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. मध्ये टेकडी आली की लहर अडते. दाट झाडी आली की अजून थोडी जाते, आणि पावसाळ्यात पानं ओली असली की आणखी, कारण पाणी या लहरी शोषतं. म्हणजे ऐन रोवणीच्या दिवसांत, जेव्हा मजुराला, ट्रॅक्टरवाल्याला, खतवाल्याला फोन करायचा असतो, तेव्हा आमच्या टोल्यावरचा फोन नुसतं घड्याळ दाखवायच्या कामाचा राहतो.

जिथे काड्या गळतात तिथे स्टिकर खपतं. ही वस्तू जुनी आहे. फोनचं मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी काढता यायची, त्या काळापासूनची. आठवडी बाजारात चार्जर, इअरफोन, मेमरी कार्डाच्या शेजारी टांगलेली असायची. आता फोनच्या पाठी सीलबंद झाल्या, तर स्टिकर कव्हरच्या आत लावतात आणि ऑनलाइन मागवतात. गंमत म्हणजे त्याच दोरीवर, त्याच दुकानात, दुसरं एक स्टिकर टांगलेलं असतं: ‘अँटी-रेडिएशन’. पहिलं म्हणतं मी लहरी ओढून आणतो, दुसरं म्हणतं मी लहरी थांबवतो. फोनचं सगळं काम लहरींवर चालतं. दुसरं स्टिकर खरंच चाललं असतं तर तुमचा फोन बंद पडल्यासारखा झाला असता. दोन्ही एकाच फोनला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. तरी फोन होता तसाच चालत होता, यातच काय ते आलं.

धातूचं आणि लहरींचं नातं समजून घ्यायला भंडाऱ्यासारखी जागा नाही. आमचं शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. घरात जुना, घट्ट झाकणाचा पितळी डबा असेल तर त्यात फोन ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. टावर अगदी शेजारी नसेल तर बहुतेक वेळा ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू येईल. बंद धातूच्या आत लहरी शिरत नाहीत. पण धातू लहरी पकडतोही. ज्यांच्या घरच्या कवेलूंवर दूरदर्शनचा अँटेना होता त्यांना आठवत असेल: ॲल्युमिनियमच्या दांड्या, आणि खाली टीव्हीसमोरून कुणीतरी ओरडतंय, “अजून थोडा फिरव, आला, आला, गेला!” तो अँटेना चालायचा, कारण त्या दांड्यांची लांबी लहरीच्या लांबीशी जुळवलेली होती, त्याचं तोंड प्रक्षेपण केंद्राकडे केलेलं होतं, आणि त्याच्यापासून टीव्हीपर्यंत वायर होती. स्टिकरकडे यातलं काहीच नाही. त्याला ना बॅटरी, ना वायर, ना दिशा. फोनच्या आतला अँटेना कारखान्यात ठरावीक लहरींसाठी जुळवलेला असतो. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटिमीटर लांब, १८०० ची त्याच्या निम्मी. त्या अँटेनाला धातूचा तुकडा चिकटवला तर झालीच तर जुळणी बिघडेल. मग फोन टावरपर्यंत पोचायला जास्त जोर लावेल आणि बॅटरी लवकर उतरेल.

खऱ्या अर्थाने सिग्नल वाढवणारं यंत्र असतं. त्याला रिपीटर म्हणतात: छपरावर एक अँटेना, मध्ये विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर, घरात दुसरा अँटेना. पण तो परवानगीशिवाय बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे. तुमच्या घरात काड्या वाढवताना तो टावरकडे गोंगाट पाठवतो आणि शेजारच्यांचे कॉल तुटतात. थोडक्यात, जे चालतं त्यावर बंदी आणि जे चालत नाही त्याची खुली विक्री. यात विसंगती दिसते खरी, पण आहे ते बरोबरच. ज्याच्याने काही होतं त्याचाच दुसऱ्याला त्रास होऊ शकतो. स्टिकर निरुपद्रवी आहे, कारण ते निरुपयोगी आहे.

मग लोकांना फरक जाणवतो तो काय खोटा? खोटा नाही. मला तर या सगळ्यातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. बॅटरीखाली स्टिकर लावायचं तर काय करावं लागतं? बॅटरी काढावी लागते. बॅटरी काढली की फोन बंद होतो. परत चालू केला की तो नव्याने टावर शोधतो आणि त्या क्षणी जो सगळ्यात बरा असेल त्याला धरतो. त्याआधी तो कदाचित सकाळपासून एखाद्या लांबच्या, अशक्त टावरला चिकटून बसलेला होता. सुधारणा खरी होती, श्रेय चुकीच्या माणसाला गेलं. शिवाय स्टिकर माणूस कधी लावतो? सिग्नल अगदीच गेलेला असतो तेव्हा. सिग्नल दिवसभर वरखाली होतच असतो. तळाशी असताना काहीही करा, स्टिकर लावा, नारळ फोडा, फोनला शिवी द्या, पुढचा आकडा बहुतेक आधीपेक्षा बराच असणार.

गेल्या पावसाळ्यात शिकवणीच्या चार पोरांना घेऊन मी हे करून पाहिलं. तुम्हीही करू शकता. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’ उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो: उणे ८५ चांगला, उणे ११५ म्हणजे रडतखडत. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहा पटींचा फरक. आम्ही दोन नियम केले. एकच जागा, एकच फोन. आणि कव्हरच्या आत स्टिकर आहे की नाही हे आकडा वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही. दुसरा नियम महत्त्वाचा, कारण ज्याला माहीत असतं तो नकळत चांगला आकडा येईपर्यंत थांबतो. निकाल असा की फोन हातात धरून नुसतं गर्रकन फिरलं, आपलं अंग टावर आणि फोनच्या मध्ये आलं, तर आकडा स्पष्ट हलत होता. स्टिकर असण्या-नसण्याचा फरक त्या हेलकाव्यात शोधूनही सापडला नाही. एका पोराने विचारलं, “सर, मग स्टिकरपेक्षा वळून उभं राहणं भारी?” हो. आणि फुकट.

इथपर्यंत वाचून शहरातल्या वाचकाला वाटत असेल, बिचारे खेडवळ लोक. तर जरा तुमच्या स्वतःच्या काड्यांकडे बघा. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या याचा जगभर एकच असा काही नियम नाही. फोन बनवणारी कंपनी आपल्या मनाने ठरवते. जुलै २०१० मध्ये ॲपलने जाहीर पत्र काढून कबूल केलं होतं की आयफोनमध्ये काड्या मोजण्याचं सूत्रच साफ चुकीचं आहे आणि अनेकदा खऱ्यापेक्षा दोन काड्या जास्त दिसतात. आयफोन ४ विशिष्ट पद्धतीने हातात धरला की सिग्नल पडतो, या ओरड्यानंतरची ही गोष्ट. अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये तर एक अशी सोय आहे की मोबाइल कंपनीने ठरवलं तर एक काडी वाढवून दाखवता येते. म्हणजे काडी हेही एका अर्थी स्टिकरच, फक्त काचेच्या आतून लावलेलं. खेड्यातला माणूस वीस रुपये देऊन धीर विकत घेतो, तुम्हाला तो फोनबरोबर आधीच बसवून मिळतो.

आता मोठ्या बाबांबद्दल. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सत्तरी पार, तीन एकर धानाची शेती. त्यांच्या साध्या बटणांच्या फोनच्या बॅटरीखाली एक सोनेरी स्टिकर आहे. पुण्याला कामाला जाताना त्यांच्या धाकट्याने लावून दिलं. ते रोज रात्री आठला टॉर्च घेऊन मामा तलावाच्या पाळीवर जातात, कारण गावात टावर तिथेच असतो, आणि पोराशी बोलतात. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडाऱ्यात ते शेकड्याने आहेत, आणि उंच पाळ हा त्यांचा नवा उपयोग मालगुजारांच्या स्वप्नातही नसणार. पाळीवर फोन लागतो तो उंचीमुळे. मोठे बाबा म्हणतात, “धाकल्यानं स्टिकर लावून देल्लं तवापासून बरा लागते.”

त्यांना काय सांगू? मी सांगितलं नाही, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ते स्टिकर त्यांच्यासाठी अँटेना नाहीच. पोराने जाताना आठवणीने केलेलं एक काम आहे. घराच्या दारावर लावलेल्या तोरणाचं भौतिकशास्त्र कुणी तपासत नाही.

पण इथे एक इंग्रज गणितज्ञ माझ्या खांद्यावर हात ठेवतो. विल्यम किंग्डन क्लिफर्ड. त्याने १८७७ मध्ये ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालकाला शंका येते, पण तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. देशांतर करणारी गरीब कुटुंबं घेऊन जहाज निघतं आणि बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता याला काही किंमत नाही, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. पुढे तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी. पुराव्याशिवाय मानणं हेच चूक. विश्वास ही खासगी मालमत्ता नाही. एकाची सैल समजूत सगळ्यांची सवय बिघडवते.

एकोणीस वर्षांनी, १८९६ मध्ये, अमेरिकेत विल्यम जेम्सने याला उत्तर दिलं. काही गोष्टींत पुरावा येईपर्यंत थांबणं म्हणजेच संधी घालवणं, असं त्याचं म्हणणं. समोरचा माणूस मला मित्र मानेल असा भरवसा मी आधी दाखवला तरच मैत्री होते. आपण पास होऊ असं वाटलं तरच पोरगं अभ्यासाला बसतं. म्हणजे कधीकधी विश्वासच ती गोष्ट घडवतो.

मला जेम्स आवडतो, पण स्टिकरला तो वाचवू शकत नाही. माझ्या भरवशाने मित्र बदलतो, परीक्षा देणारा मी बदलतो. टावरला माझ्या भरवशाची खबर लागत नाही. आणि क्लिफर्डचं म्हणणं ऐकताना मला दुसरीच अडचण येते. त्याचा जहाजमालक तपासू शकत होता. त्याच्याकडे पैसा होता, सुतार होते, गोदी होती. आमच्या टोल्यावरच्या माणसाने काय तपासायचं आणि कशाने? तो जहाजमालक नाही, तो जहाजात बसलेला आहे. क्लिफर्डचा निबंध खरा धरायचा तर दोष विश्वास ठेवणाऱ्याकडून उचलून तपासण्याची सोय असणाऱ्याकडे न्यावा लागतो: बनवणाऱ्याकडे, विकणाऱ्याकडे, आणि हो, विद्युतचुंबकीय लहरींचा धडा घेणाऱ्याकडेही.

हे सगळं पाळीवर बसून चघळायला ठीक होतं. मग ई-पीक पाहणीचे दिवस आले.

ज्यांचं घर शेतीवर नाही त्यांच्यासाठी: १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइल ॲपवर करायची असते. शेतात उभं राहून फोटो काढायचा, आणि माहिती सर्व्हरवर पोचवायची तर नेटवर्क लागतं. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर आधारभूत केंद्रावर धान विकताना अडतं, नुकसानभरपाईच्या वेळी अडतं. २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. केंद्रावर माल गेला नाही तर व्यापारी देईल तो भाव. रोजगार हमीचंही तसंच. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. फोटो चढला नाही तर हजेरीचा वांधा, म्हणजे मजुरीचा वांधा. नेटवर्क ही कधीकाळी चैन असेल. आता आमच्याकडे ते धान आणि रोजी या दोन शब्दांच्या आत जाऊन बसलंय.

तर मुदत संपायला थोडे दिवस राहिले आणि टोल्यावरच्या सात-आठ जणांची नोंद काही केल्या पुढे जाईना. गोल गोल फिरणारं चक्र आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. ते तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. दुकानदाराने सांगितलं, फोन जुने आहेत, हे लावून पाहा. प्रत्येकाने स्टिकर घेतलं. गावात परत आले, पुन्हा चक्र फिरत राहिलं. आणि संध्याकाळी चौकात ऐकलेलं वाक्य असं होतं: “आपलाच फोन बेकार हाये.”

सात-आठ माणसं, वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन, दोन वेगळी सिमं, एकाच टोल्यावर कुणाचंच चालत नाही, आणि प्रत्येकजण आपापल्या खिशाला दोष देतोय. वीस रुपयांचं मला काही वाटलं नाही. मला या वाक्याचं वाटलं. स्टिकर आलं की दोष फोनचा होतो. फोनचा झाला की माझा एकट्याचा होतो. शेजाऱ्याचाही तोच, पण तोही एकट्याचा. टावर मात्र प्रश्नातून निघून गेलेला असतो. आमच्या बोलीतला शब्द मला बरोबर वाटतो तो यासाठी. ‘टावर नाही’ म्हणणारा माणूस नकळत अगदी नेमकी तक्रार करत असतो. स्टिकर त्याला ती विसरायला लावतं.

मग मी सांगितलं. चौकात, सगळ्यांसमोर. स्टिकर चालत नाही, तुमचे फोन ठीक आहेत. मोठे बाबाही बसले होते. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे म्हणाले, “चालत नसन. पण टावर मागाले कोठी जावं बाबू? स्टिकर तं दुकानात भेटते.”

भौतिकशास्त्राचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. या प्रश्नाचं शोधावं लागलं. आणि शोधल्यावर जे सापडलं ते मला अजून पचलेलं नाही. २००२ पासून मोबाइल कंपन्यांच्या महसुलातला ठरावीक हिस्सा, समायोजित महसुलाच्या ५ टक्के, एका निधीत जातो. त्याचं नाव आता डिजिटल भारत निधी. जिथे धंदा परवडत नाही अशा गावांत फोन पोचवणं हाच त्याचा उद्देश. तो महसूल येतो तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४,६८० वंचित गावांत फोर-जी पोचवायची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, तीही याच निधीतून. म्हणजे मोठे बाबा गेली कित्येक वर्षं दर रिचार्जला आपल्या टावरची वर्गणी भरत आलेत, आणि वर स्टिकरचे पैसे वेगळे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपलं नेटवर्क कुठे आहे याचा नकाशा संकेतस्थळावर दाखवावा लागतो. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. तो भंडाऱ्यातच आहे.

स्टिकरविरुद्धही कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. अमेरिकेत तिथल्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २००२ मध्येच रेडिएशन रोखणारी स्टिकरं विकणाऱ्या दोन कंपन्यांवर खटले भरले होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषदेत शेणापासून बनवलेली, मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी चिप दाखवली. शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून प्रयोगाचा पुरावा मागितला. बाजारातल्या दोरीवरची वस्तू सरकारी टेबलावर आली की आठवडी बाजारातल्या विक्रेत्याला कोणत्या तोंडाने बोलायचं? नेदरलँड्सची गोष्ट तर आणखी पुढची. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने फाइव्ह-जीपासून वाचवणाऱ्या लॉकेट-कड्यांसारख्या दहा वस्तू तपासल्या, तर त्याच किरणोत्सारी निघाल्या. लहरींना घाबरून लोक खरं किरणोत्सारी गळ्यात घालून फिरत होते.

कुणी म्हणेल, मग ताईताचं काय? गावात निम्म्या लोकांच्या दंडाला असतो. मी ताईताला हात लावत नाही, आणि ते भीतीपोटी नाही. ताईत देणारा सांगतो, श्रद्धा ठेव. तो प्रयोगशाळेचा हवाला देत नाही. स्टिकरच्या पाकिटावर ‘टेस्टेड’ लिहिलेलं असतं, सर्किट काढलेलं असतं, आकडे असतात. ज्या विज्ञानाने खरोखर टावर उभा केला, त्याची पत उसनी घेऊन ते विकलं जातं. परत करायचा विचार नसताना. दोन-तीनदा असं फसलेला माणूस पुढे खरं सांगणाऱ्यालाही म्हणतो, तुम्ही लोक असंच सांगता. आमच्या आशाताईला लसीच्या वेळी हे वाक्य ऐकावं लागलं होतं.

त्या सात-आठ जणांपैकी बहुतेकांची नोंद शेवटी झाली. रात्री अकरानंतर, पाळीवर, एकामागून एक, कारण तेव्हा टावरवर गर्दी कमी असते. दोघांची राहिली. त्यातल्या एकाने धान व्यापाऱ्याला दिलं.

आता गावात एक वही सुरू आहे. माझ्या शिकवणीतल्या, त्याच गावच्या दोन पोरींनी आखून दिली: तारीख, वेळ, जागा, कोणतं सिम, किती डीबीएम, कॉल लागला की नाही. कंपनीच्या नकाशावर आमचा टोला हिरवा आहे. वहीत तो उणे ११८ च्या खाली आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आणि वहीची प्रत जोडायची असं ठरलंय. सरपंचबाईंनी एकच विचारलं, “किती दिवसांच्या नोंदी लागतील?” मी म्हटलं, निदान दोन महिन्यांच्या, आणि पावसातल्या हव्यातच. मोठ्या बाबांचा फोन आकडा दाखवत नाही, म्हणून त्यांच्या ओळीत तो रकाना कोरा असतो. बाकीचं ते सांगतात आणि पोरी लिहून घेतात. पाळ, रात्री आठ दहा, चार मिनिटं, दोनदा तुटला.